शिदोरीचें माप

नागपुरांतील एका भगिनींचें पत्र ह्या महिन्यांत आलें आहे. पत्र लांब आहे. त्यांतील घरगुती भाग वगळून मुख्य गोष्ट तेवढी येथें देतों. त्यांच्या एकत्र कुटुंबांतील पुतणी महाविद्यालयांत शिकते व तिला सायकलीवरून लांब पल्ल्याच्या मजला मारण्याचा छंद आहे. गेल्या फाल्गुनांत ती २०० किलोमीटरांच्या एका फेरींत उतरली. घरांतील तीन पिढ्यांनीं मिळून तिची शिदोरी बांधली: आजीचे डिंकाचे लाडू, काकूंचा चिवडा, आईच्या पुऱ्या, आणि वर सर्वांची एकच सूचना, "पाणी भरपूर पी." मुलीनें सूचना अक्षरशः पाळली. लाडू घशाखालीं उतरेनात, परंतु पाणी मात्र ती प्रत्येक थांब्यावर पोटभर पीत गेली. दीडशें किलोमीटरांच्या सुमारास तिचें डोकें दुखूं लागलें, मळमळ सुरू झाली, बोटांतील आंगठी आवळूं लागली. शेवटीं सोबत्यांनीं तिला मोटारींत घालून परत आणलें. रक्त तपासल्यावर डॉक्टरांनीं सांगितलें कीं पाणी कमी पडलेलें नाहीं, रक्तांतील मिठाचें प्रमाण उतरलें आहे. मुलगी दोन दिवसांत बरी झाली. परंतु वडील मंडळींनीं सायकल बंद करण्याचा निकाल दिला आहे, आणि भगिनी विचारतात: हा निकाल योग्य आहे काय?

माझें उत्तर प्रथमच सांगून टाकतों. निकाल देण्यापूर्वीं शिदोरीची चौकशी व्हावयास पाहिजे होती. ती शिदोरी मायेनें बांधलेली होती, परंतु तिला माप नव्हतें. आणि पाण्याची सूचना तर मुळींच मापाची नव्हती. एवढी एक उणीव भरून निघाली, तर निरोगी मुलामुलींनीं ह्या छंदास भिण्याचें कारण नाहीं.

प्रवासाच्या अन्नास संस्कृतांत पाथेय म्हणतात. पथिन् म्हणजे वाट; वाटेस जें योग्य तें पाथेय. अतिथीस जें योग्य तें आतिथेय, आणि हे दोन्ही शब्द पाणिनीनें एकाच नियमांत साधले आहेत. आजाऱ्यास आपण जें पथ्य सांगतों त्याचेंही मूळ हीच वाट: वाटेपासून जें ढळत नाहीं तें पथ्य. तेव्हां घरून बांधून नेलें एवढ्यानेंच कोणतेंही अन्न पाथेय होत नाहीं. तें त्या वाटेस, त्या ऋतूस आणि त्या देहास मानवलें पाहिजे. आपल्या घरांतून आतिथेय उत्तम जमतें. पाहुण्यास आग्रह करकरून वाढणें हा त्याचा धर्मच आहे. पाथेयाचा धर्म निराळा; तेथें आग्रह बाजूस ठेवून हिशेब करावा लागतो.

ही फेरी म्हणजे काय, हें ज्येष्ठ वाचकांसाठीं थोडक्यांत सांगावयास हवें. फ्रान्समध्यें १८९१ सालीं पॅरिसहून ब्रेस्त बंदरापर्यंत जाऊन परत येण्याची सुमारें १२०० किलोमीटरांची सायकलशर्यत प्रथम झाली. आतां ती शर्यत राहिली नसून ९० तासांच्या मुदतींत पुरी करावयाची फेरी झाली आहे, व ती चार वर्षांनीं एकदां निघते. तिच्याच धर्तीवर २००, ३००, ४०० व ६०० किलोमीटरांच्या फेऱ्या जगभर होतात. त्यांना ब्रेव्हे असें नांव आहे. त्यांची मुदत अनुक्रमें साडेतेरा, वीस, सत्तावीस व चाळीस तास. भारतांतील अनेक शहरांतून त्या निघतात आणि आपलें नागपूर त्यांपैकीं एक आहे. तेथें पहिला-दुसरा असा क्रम लावीत नाहींत. मुदतींत पोंचला तो उत्तीर्ण. ठराविक थांबे सोडले तर वाटेंत मागें मोटार ठेवून कोणी खाणेंपिणें पुरवावयाचें नाहीं, असा दंडक आहे. म्हणजे जें लागेल तें खिशांत, सायकलीच्या पिशवींत, अथवा वाटेवरच्या दुकानांत.

असें स्वावलंबी साहस आपल्या प्रांतास नवीन नाहीं. १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ च्या मार्चांत परत आले. मजल सुमारें ७१,००० किलोमीटरांची. आमच्या काळांत अमेरिकेंत पश्चिमेच्या ओशनसाइडपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत होते. एकट्या स्वारास मुदत बारा दिवस, म्हणजे रोज ४०० किलोमीटर. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनीं २०१५ सालीं ती दोघांच्या जोडीनें पुरी केली. २०१७ सालीं सेनादलांतील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ ह्या दोघांनीं ती एकेकट्यानें मुदतींत पार केली. डॉ. समर्थ ह्यांनीं पुढच्याच वर्षीं मॉस्को ते व्लादिव्होस्तोक ही सुमारें ९,००० किलोमीटरांची टप्प्याटप्प्यांची शर्यतही पुरी केली. ह्या चौघांच्या नांवांकडे पाहतां एक गोष्ट ध्यानांत येते. चौघेही डॉक्टर आहेत. नाडी, वजन, मात्रा आणि वेळ ह्यांची नोंद ठेवणें हा त्यांचा रोजचा व्यवसाय आहे. त्या शर्यतींत स्वारामागें मोटार असते, आणि तींतील मंडळींचें एक मोठें काम हेंच कीं स्वारानें काय व किती खाल्लें-प्यालें, ह्याचा हिशेब चुकूं द्यावयाचा नाहीं. जें काम तेथें ती मंडळी करते, तें आपल्या २०० किलोमीटरवाल्यासाठीं आदल्या रात्रीं स्वयंपाकघरानें करावयाचें आहे.

आतां देहाचा जमाखर्च मांडूं. ताशीं २० किलोमीटरांच्या वेगानें सायकल चालविणाऱ्या मध्यम बांध्याच्या माणसाचा खर्च तासाला सुमारें ४०० किलोकॅलरी धरावा. २०० किलोमीटरांस दहा तास लागले तर एकूण खर्च ४,००० झाला. हा खर्च देह दोन कोठारांतून भागवितो. एक कोठार चरबीचें. तें सडपातळ माणसाचेंही फार मोठें असतें, परंतु त्याचें दार अरुंद असल्यामुळें माल हळूहळू बाहेर येतो. दुसरें कोठार स्नायूंत व यकृतांत सांठविलेल्या पिष्टाचें, ज्यास ग्लायकोजेन म्हणतात. त्याचें दार मोठें, पण कोठार लहान: सुमारें ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १,६०० ते २,००० किलोकॅलरी. तें रितें झालें म्हणजे पाय चालेनासे होतात, डोळ्यांपुढें अंधारी येते, माणूस चिडतो, कधीं रडूंही लागतो. मेंदूस लागणारी साखर मुख्यतः यकृतांतून जाते, म्हणून त्या वेळीं विचारही नीट सुचत नाहीं. आणि वर्दळीच्या महामार्गावर तेवढाच क्षण घातक ठरतो.

म्हणून चालत्या वाटेवर नवी जमा होत राहिली पाहिजे. तिलाही मर्यादा आहे. आतड्यांतून ग्लुकोज ही साखर तासाला सुमारें ६० ग्रॅमच शोषली जाते. फळांत असणारी फ्रुक्टोज साखर निराळ्या वाटेनें आंत शिरते, त्यामुळें दोन्हीं मिळून सरावलेल्या माणसास ९० ग्रॅमांपर्यंत पचवितां येतात. गूळ, साखर, केळें, खजूर ह्यांत ह्या दोन्ही साखरा असतात. आपल्या नवशिक्या स्वारास इतक्या टोंकास जाण्याचें कारण नाहीं. तासाला ५० ग्रॅम पिष्ट व साखर मिळून पोटांत गेली कीं २०० किलोकॅलरी जमा झाल्या. खर्च ४००, जमा २००. उरलेले २०० दोन्ही कोठारें मिळून दहा तास सुखानें पुरवितात.

हे ५० ग्रॅम स्वयंपाकघराच्या भाषेंत असे मोजावे. वीस ग्रॅमांचा एक वाटा धरावा. एक मध्यम पिकलें केळें म्हणजे एक वाटा. बिया काढलेले चार लहान खजूर म्हणजे एक वाटा. गुळाचा पंचवीस ग्रॅमांचा खडा, एक मध्यम उकडलेला बटाटा, एक पातळ पोळी किंवा दशमी, अर्धी वाटी मऊ भाताचा मीठ लावलेला मुटका, हा प्रत्येक एकेक वाटा होय. नागपुरी संत्रें गोड खरें, पण त्यांत पाणी फार. तें अर्धा वाटा समजावें. दर तासास असे दोन वाटे खावयाचे, म्हणजे ४० ग्रॅम झाले. उरलेले पुढें सांगितलेल्या सरबतांतून जातील.

दशमीचा उल्लेख मुद्दाम केला. पाण्याऐवजीं दुधांत पीठ भिजवून केलेली दशमी आपल्या आज्या-पणज्यांनीं प्रवासासाठींच ठरविलेली होती. ती खरकटी समजत नसत आणि मऊ राहत असे. थोडा गूळ घालून केलेली दशमी चावावयास सोपी, सुरळी करून खिशांत राहणारी, आणि मोजून देतां येणारी आहे. बाजारांत परदेशी पद्धतीच्या मधुर चिकीच्या वड्या व चाटण्याच्या पुड्या मिळतात. त्या सोयीच्या आहेत, त्यांस माझी हरकत नाहीं. परंतु त्यांत जें आहे तें आपल्या डब्यांतही आहे, एवढें गृहिणींनीं ध्यानांत ठेवावें.

आतां लाडवांचा न्याय. डिंकाच्या लाडवांत तूप आहे, खोबरें आहे. थंडीच्या दिवसांत घरीं बसून खाण्यास त्यांसारखें पौष्टिक दुसरें नाहीं. परंतु स्निग्ध पदार्थ जठरांतून फार सावकाश पुढें सरकतात. शिवाय सायकल चालवितांना रक्त मुख्यतः स्नायूंकडे व त्वचेकडे धांवतें, आणि पोटाच्या वांट्यास तें कमी येतें. अशा वेळीं लाडू, पुऱ्या, तळलेला चिवडा, उसळी, अथवा आमच्या गांवची तर्रीची वाटी पोटांत गेली तर ती तेथेंच बसून राहते. हे सर्व पदार्थ फेरी संपल्यावर खुशाल खावे. त्या वेळीं डाळ, दूध, उसळ ह्यांतील प्रथिनांची शिणलेल्या स्नायूंस गरजही असते. खव्याची संत्राबर्फी व दहींभात हे पदार्थ उन्हाच्या दिवशीं बरोबर देऊं नयेत. कडक उष्म्यांत असें अन्न एका तासानंतर विश्वासाचें राहत नाहीं.

पाण्याचा हिशेब अधिक नाजूक आहे, कारण तेथें कमी आणि जास्त, दोन्हीकडे खड्डा आहे. स्नायु जी शक्ति खर्च करतात तिचा सुमारें चौथाईच भाग पायडलावर पडतो. बाकीची उष्णता होते. ४०० पैकीं ३०० किलोकॅलरींची ही उष्णता देहाबाहेर टाकण्याचें मुख्य साधन घाम. एक लिटर घाम वाळतांना सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तेव्हां ३०० साठीं अर्ध्या लिटरांहून किंचित् अधिक घाम वाळावा लागतो. वरून ऊन तापत असेल तर आणखी. विदर्भाच्या कोरड्या हवेंत घाम आला तसा वाळून जातो, अंग ओलें दिसत नाहीं, आणि स्वारास वाटतें कीं आपणांस घामच आला नाहीं. सदऱ्यावर उमटलेलीं मिठाचीं पांढरीं वर्तुळें मात्र खरी साक्ष देतात.

पूर्वीं कमी पाणी पिणें हा कणखरपणा समजत असत. १९६७ च्या जुलै महिन्यांत फ्रान्सच्या सुप्रसिद्ध सायकलशर्यतींत टॉम सिम्पसन हा इंग्रज स्वार माँ व्हाँतू ह्या डोंगराच्या चढावर कोसळला व मरण पावला. उत्तेजक औषध, मद्य, कडक ऊन आणि देहांतील पाण्याची तूट ह्या साऱ्यांनीं मिळून त्याचा घात केला. पुढें विचार पालटला आणि तो दुसऱ्या टोंकास गेला: तहान लागो वा न लागो, पीत राहा. त्या टोंकाचा अनुभव पत्रांतील मुलीस आला. घामाबरोबर मीठ जातें; लिटरमागें सोडियम साधारण एक ग्रॅम. त्याची भरपाई न करतां घामाहून अधिक साधें पाणी ढोसलें तर रक्त पातळ होतें, पाणी पेशींत शिरून त्या फुगतात, आणि मेंदू तर कवटींत कोंडलेला. डोकेंदुखी, मळमळ, आवळणारी आंगठी, पुढें भ्रम व झटके, असा त्याचा क्रम आहे, आणि त्यानें माणसें दगावलीं आहेत. ह्या अवस्थेंत शेजारचा माणूस दयेनें आणखी पाणी पाजतो, हें त्यांतील मोठें दुर्दैव.

मग किती प्यावें? ह्याचें उत्तर घरच्या वजनकांट्यावर आहे. फेरीच्या आधीं पंधरवडाभर, साधारण तशाच हवेंत, एक तास सायकल चालवावी. निघण्यापूर्वीं आणि परतल्यावर अंग कोरडें करून हलक्या कपड्यांत वजन करावें. समजा, आधीं ५८ किलो भरलें, नंतर ५७.७, आणि वाटेंत ४०० मिलिलिटर पाणी प्यालें. तर घाम ३०० अधिक ४००, म्हणजे तासाला ७०० मिलिलिटर गेला. ह्या मुलीनें तासाला ६०० मिलिलिटर प्यावें. दहा तासांत तूट एक लिटर राहील. ५८ किलोंचे शेंकडा दोन म्हणजे १.१६ किलो, तूट त्याच्या आंतच राहिली. एवढ्या तुटीनें निरोगी देहाचें कांहीं बिघडत नाहीं. सकाळचा व दुपारचा घाम सारखा नसतो, म्हणून शक्य तर दोन्ही वेळां मोजावें. आंकडा हाताशीं असला तरी तहानेचा अपमान करूं नये: तहान फार लागली तर थोडें अधिक, पोट डचमळूं लागलें तर थोडें कमी. आणि फेरीनंतर वजन निघतांनाच्या वजनाहून वाढलेलें दिसलें, तर पाणी जास्त झालें हें निश्चित समजावें.

पाण्यांत काय घालावें, हें शिकविणारा प्रसंग भारतांतच घडला. १९७१ सालीं बांगलादेशाच्या मुक्तियुद्धाच्या वेळीं लक्षावधि निर्वासित पश्चिम बंगालांत आले आणि बनगांव येथील छावणींत पटकी पसरली. शिरेंतून द्यावयाचें सलाइन अपुरें पडूं लागलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा मोजून पाण्यांत कालविला आणि तें पाणी रोग्यांच्या नातलगांच्या हातीं पाजावयास दिलें. पटकीच्या रोग्यांतील मृत्यु शेंकडा ३० च्या आसपास होते, ते शेंकडा ४ च्या खालीं आले. कारण असें कीं, लहान आतड्याच्या भिंतींत सोडियम व ग्लुकोज ह्यांना जोडीनें आंत घेणारीं द्वारें आहेत. तीं दोन्हीं शिरलीं म्हणजे पाणी त्यांच्या मागोमाग जातें. आयांच्या, बहिणींच्या हातांनीं तेथें जीव वांचले, आणि त्या हातांत माप होतें.

तेंच माप स्वारास चालतें: एक लिटर पाणी, साखरेचे सपाट सहा लहान चमचे, मिठाचा सपाट अर्धा चमचा, आणि रुचीपुरतें लिंबू. चमचा चहाचा, पांच मिलिलिटरांचा. शीग लावावयाची नाहीं. कैरीच्या दिवसांत पन्हें ह्याच मापानें करावें. ताक व ज्वारीची आंबील थांब्यावर ताजी मिळाली तर उत्तम, परंतु उन्हांत तासन् तास बरोबर वाहूं नये. चहानें देह कोरडा पडतो ही समजूत अतिशयोक्तीची आहे. वाटेंत एखादा कप घेण्यास हरकत नाहीं.

आतां सर्व एकत्र बांधूं. सायकलीस पाऊण लिटरांच्या दोन बाटल्या असतात. एकींत साधें पाणी, दुसरींत हें सरबत. तासाला ६०० मिलिलिटर ह्या हिशेबानें दीड लिटर अडीच तास पुरेल, म्हणजे ५० किलोमीटर. तेव्हां २०० किलोमीटरांत ५०, १०० व १५० ह्या तीन ठिकाणीं बाटल्या भरावयाच्या. तीं ठिकाणें नकाशावर आधींच ठरवावीं. एका बाटलीपुरतें मीठ व साखर, म्हणजे वरच्या मापाचा पाऊण हिस्सा, अशा तीन कोरड्या पुड्या बांधून द्याव्या. सरबताचा अर्धा हिस्सा धरला तरी तासाला सात-आठ ग्रॅम साखर त्यांतून जाते. अन्नाचे दोन वाटे मिळून आपले ५० ग्रॅम जवळपास पुरे झाले.

अन्नाच्याही पुड्याच कराव्या. दहा तासांच्या दहा पुड्या, प्रत्येकींत दोन वाटे, आणि प्रत्येकीवर तासाचा आंकडा. पहिली पुडी पहिल्याच तासांत उघडावयाची; भूक लागण्याची वाट पाहिली तर कोठार अर्धें रितें झालेलें असतें. पहिल्या तीन पुड्यांत दशमी, बटाटा, भाताचा मुटका. ऊन चढल्यावर घशास सोपे पडणारे केळें, खजूर व गूळ. आणि प्रत्येक दोन-तीन पुड्यांमागें लिंबाच्या खारट लोणच्याची एखादी फोड, कारण दिवसभर गोड खाऊन तोंड विटतें. पुडी न उघडतां परत आली तर तिच्यावरचा आंकडा सांगेल कीं कोणत्या तासाला चूक झाली. पुढच्या वेळचें शिक्षण तेथूनच सुरू होतें.

आदल्या रात्रीं वरणभात, पोळी, एखादी साधी भाजी असें नेहमीचें जेवण थोडें लौकर द्यावें. उद्यां श्रम आहेत म्हणून आज दुप्पट वाढूं नये. पहांटे निघण्यापूर्वीं दीड-दोन तास आधीं पोहे, उपमा अथवा दूधपोळी, बेताची. त्या दिवशीं एकादशी किंवा अन्य उपास असेल, तर फेरी किंवा उपास ह्यांपैकीं एकच करावें. आणि जो पदार्थ सरावाच्या फेरींत खाऊन पाहिला नाहीं तो मुख्य दिवशीं प्रथम देऊं नये. आतड्यांसही सराव लागतो.

कांहीं सूचना निक्षून. चैत्र-वैशाखांत, नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो त्या दिवसांत, कोणतेंही सरबत लांबच्या फेरीस सुरक्षित करूं शकत नाहीं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच त्याचा काळ. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा अथवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं वरील मिठासाखरेचें माप डॉक्टरांस विचारल्याखेरीज वापरूं नये. स्वार असंबद्ध बोलूं लागला, झोकांड्या देऊं लागला, तर त्याला सायकलीवरून उतरवून सावलींत न्यावें. अंग तापलें असल्यास ताबडतोब गार पाण्यानें भिजवून वारा घालावा. शुद्ध नीट नसल्यास तोंडानें कांहीं पाजूं नये. आणि १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आतां भगिनींस उत्तर. सायकल बंद करण्याचा निकाल तूर्त स्थगित ठेवण्याविषयीं आपण वडील मंडळींस विनंति करावी. येत्या मार्गशीर्षांत पुतणीनें रामटेकची फेरी करावी; जाऊन येऊन सुमारें १०० किलोमीटर, म्हणजे निम्मी परीक्षा. डॉक्टरांची संमति आधीं घ्यावी. आजीबाईंनीं लाडवांचा डबा त्या दिवशीं कपाटांत ठेवून दशम्या कराव्या. आईनें मीठसाखरेच्या पुड्या सपाट चमच्यानें भराव्या. पुतणीनें निघतांनाचें व परततांनाचें वजन स्वतः वहींत लिहावें, आणि तें वजनपत्रक संध्याकाळीं आजोबांपुढें ठेवावें. तूट शेंकडा दोनांच्या आंत असेल, पांचही पुड्या रिकाम्या झाल्या असतील आणि मुलगी हुशारींत असेल, तर २०० किलोमीटरांची परवानगी द्यावी. नसेल, तर पुड्यांवरचे आंकडे पाहून माप दुरुस्त करावें आणि पुन्हां रामटेकासच जावें.